उगवतीची वाळू

"माझ्या वडिलांनी मला टाकलंय का, एवढंच शोधून द्या," ती म्हणाली आणि पिशवीतून सहा पत्रं काढून तिने टेबलावर ठेवली.

वहिनींनी पत्रांना हात लावला नाही. आधी पाण्याचा पेला पुढे सरकवला. आलेली बाई तिशीची होती. नखं बारीक कापलेली, घड्याळ मनगटावर नव्हे तर छातीशी पिनेने लटकवलेलं.

"कुठल्या दवाखान्यात असता?" वहिनींनी विचारलं.

"सरकारी. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात नर्स आहे. पण तुम्हाला कसं..."

"घड्याळ," कोपऱ्यातून भाऊजी म्हणाले. जणू त्यांनीच ओळखलं होतं.

'खासगी चौकशी' ही दारावरची पाटी वहिनींच्या यजमानांची. ते गेले, पाटी राहिली आणि चौकशी वहिनी करू लागल्या. धाकटे दीर जकात नाक्यावरून निवृत्त होऊन मदतीला आले. मदत म्हणजे पिशव्या उचलायच्या आणि चुकीचा अंदाज सगळ्यांच्या आधी बांधायचा. गल्ली त्यांना भाऊजी म्हणायची, तेही सवयीने सगळ्यांनाच 'ओ' देत.

नर्सची हकीकत थोडक्यात अशी. वडील समोरच्या बेटावर, अगदी दक्षिण टोकावरच्या वस्तीत एकटे राहत. बेटाच्या परिषदेत ते तीस वर्षं चिटणीस होते. टोकाला फोन नाही, म्हणून दर एक तारखेला पत्र. गेली दोन वर्षं तिला जाता आलं नव्हतं. आधी बदली, मग बाळंतपण.

"अडीच महिन्यांपूर्वी मला मुलगी झाली. त्याच आठवड्यात मी कळवलं. लिहिलं, बाबा, नाव तुम्ही सुचवा. त्यानंतर दोन पत्रं आली. दोन्हींत तिच्याबद्दल एक अक्षर नाही."

"अक्षर त्यांचंच?"

"त्यांचंच. 'च'ची ती शेपटी दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

वहिनींनी आता पत्रं उचलली. छोटी होती. तब्येत ठीक आहे, गुडघे कुरकुरतात, चहा मीच करतो. तिसऱ्यात पौर्णिमेच्या उधाणाने कुंपणाचे दोन खांब नेले, असं होतं. आणि प्रत्येकात एक ओळ थोड्याफार फरकाने तीच: 'वाळू उगवतीला आहे. सकाळी दारात खुर्ची टाकून उन्हातल्या वाळूकडे बघत बसतो. तुला आठवत असेल.'

"ह्या पाचव्याच्या पाठीवर शाई सांडलीय," भाऊजी म्हणाले. "म्हातारपणी हात थरथरतात."

वहिनींनी ते पत्र उलटं करून आरशासमोर धरलं, क्षणभर पाहिलं आणि घडी घालून ठेवलं.

"उद्या सकाळच्या बोटीने निघू," त्या म्हणाल्या. "बाळाला आणू नका. समुद्र लहानांचा नाही."

"मोठ्यांचा तरी कुठे आहे?" भाऊजी पुटपुटले. त्यांना बोट लागायची.

*

बेट चार मैल लांब होतं. मध्ये डोंगर. पश्चिमेला, डोंगराच्या आडोशाला बंदर आणि बंदरावरच परिषदेची कचेरी. कौलारू छप्पर, लोखंडी कपाटं, भिंतीवर बेटाचा मोठा हातनकाशा. नकाशात चार वस्त्या होत्या: बंदर, डोंगरमाथा, टोक आणि उत्तरेला चौथी. चौथीवर तांबड्या शाईची काट होती.

"ती माझ्या आईची वस्ती," अध्यक्ष म्हणाले. साठीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. "बावीस वर्षांपूर्वी मोडली. नियमच आहे, चाळीस माणसांपेक्षा कमी असली तर ती वस्ती नव्हे. मग पाण्याची बोट बंद, दवाखाना बंद, परिषदेतली जागा बंद. माणसांनी डोंगरावर येऊन राहायचं. हा नियम ह्यांच्या वडिलांनी लिहिला आणि ती काटही त्यांनीच मारली."

नर्सने मान खाली घातली.

"तुम्हाला त्यांचा राग असेल," वहिनी सरळच बोलल्या.

"होता. आमच्याकडे तेव्हा अडतीस भरली. दोन माणसांसाठी मी त्यांच्या पाया पडलो होतो. ते म्हणाले, आज दोघांचा अपवाद केला तर उद्या दहांचा करावा लागेल." अध्यक्षांनी खिडकीबाहेर पाहिलं. "उद्या टोकाची शिरगणती आहे. मागच्या खेपेला बरोबर चाळीस होती."

"चिटणीसांना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

"सात महिने झाले असतील. अंथरुणाला खिळले म्हणतात. हा त्यांच्या सहीचा कागद. आजारी माणसाला रांगेत उभं राहावं लागत नाही, सही चालते. तोही नियम त्यांचाच."

बाहेर आल्यावर भाऊजींनी वहिनींना बाजूला घेतलं. "हाच! आईची वस्ती मोडली, बावीस वर्षं डूख धरला, आणि आता संधी साधली."

"कसली संधी, भाऊजी?"

"ते अजून ठरायचंय," भाऊजी म्हणाले.

*

टोकाला जायला एकच होडी. तीच टपाल नेई, तीच माणसं. होडीवाला चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. नर्सला धक्क्यावर पाहिलं तसा त्याच्या हातातला दोर सुटला.

"तायडे! कळवायचं तरी!"

"दादा, तूच तर पत्रं नेतोस. लिहिलं असतं तर तुलाच आधी कळलं असतं," ती हसून म्हणाली. मग वहिनींना सांगितलं, "लहानपणी ह्याचे आईवडील बुडाले. बाबांनीच वाढवला. आम्ही एका ताटात जेवलोय."

होडीवाल्याने इंजिन सुरू केलं. धक्का मागे पडल्यावर तो म्हणाला, "काका घरी नाहीत, तायडे. पलीकडच्या बेटावर वैद्याकडे नेलंय. आठवडाभराने येतील. तू उगाच आलीस."

"मी थांबेन आठवडाभर."

त्याने इंजिनाचा वेग वाढवला.

टोक म्हणजे जमिनीची एक लांब जीभ, दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये बारा-पंधरा घरं. होडी पश्चिमेला, रुंद पांढऱ्या वाळूवर लागली. भाऊजी गुडघ्यांवर उतरले आणि तसेच थोडा वेळ बसून राहिले.

"पलीकडून का नाही लावली?" वहिनींनी विचारलं. "घरांची तोंडं तर पलीकडे आहेत."

"उगवतीचा वारा आहे ना सध्या," होडीवाला म्हणाला. "तिकडे लाटा भिंतीवर आपटतात. साडेचार महिने झाले वारा फिरून. वारा फिरला की वाळूही बाजू बदलते. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. होडी वाळूच्याच बाजूला लागते."

वहिनींनी मान डोलावली. नर्स होडीतून पिशवी उतरवत होती. तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.

चिटणीसांचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर भरती-ओहोटीच्या चाळीस वर्षांच्या वह्या ओळीने लावलेल्या. खिळ्याला काठी. फळीवर चष्मा.

"वैद्याकडे चष्मा न घेताच गेले?" वहिनींनी विचारलं.

"घाईत राहिला," होडीवाला दारातूनच म्हणाला.

वहिनी वाकून जमीन पाहू लागल्या. पूर्वेच्या दारात खुर्चीच्या पायांचे चार खोल, जुने, काळपट खळगे होते. पश्चिमेच्या दारात तसेच चार होते, पण उथळ आणि ताजे. कडांची माती अजून सुटत होती. खुर्ची त्याच दारात होती आणि तिथून होडी लागायची जागा अगदी समोर दिसत होती.

मागच्या अंगणात हालचाल झाली. एक ठेंगणी म्हातारी हंडा घेऊन नारळाच्या एका कोवळ्या रोपाला पाणी घालत होती. ही मावशी. टोकाचा दवाखाना म्हणजे तिचीच एक खोली आणि तिची एक पेटी. नर्सला पाहताच हंडा खाली ठेवून तिने तिला जवळ घेतलं आणि रडू लागली. भेटीच्या आनंदाने इतकं कोणी रडत नाही.

"मावशी, पाणी कुठलं हे?" वहिनींनी विचारलं.

"बोटीचं. इथल्या विहिरी खारट झाल्या. माणशी एक हंडा मिळतो."

"प्यायला हंडाभर, आणि एक अख्खा हंडा झाडाला?" भाऊजींना राहवलं नाही. "मोठ्या मनाची माणसं आहेत बुवा!"

मावशीने डोळे पुसले. "काकांच्या वाटणीचा आहे. ते नाहीत इथे, म्हणून घालते."

"रोप कधी लावलं?"

"झाले दोनेक महिने."

वहिनी रोपाजवळ गेल्या. भोवतीची माती माणसाच्या लांबीएवढी खचली होती. त्यांनी चप्पल काढली. भाऊजींनी का ते विचारलं नाही. वहिनी काढतात म्हणून त्यांनीही काढली.

*

दुपारी वहिनींनी चौघांना पश्चिमेच्या खोलीत बसवलं. दार लावून घेतलं.

"मी शेजारच्या चार घरी जाऊन आले," त्या म्हणाल्या. "काका कुठे आहेत विचारलं तर चारही घरांनी एकच वाक्य सांगितलं, शब्दाला शब्द. खरं असतं तर चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलं असतं." त्या नर्सकडे वळल्या. "बाळ, मन घट्ट कर. तुझे वडील वैद्याकडे गेलेले नाहीत. ते अंगणात आहेत, रोपाखाली."

नर्स हलली नाही. तिच्या वॉर्डात हे वाक्य दुसऱ्यांना सांगायचं काम तिचं होतं.

"कधी?" तिने विचारलं.

वहिनींनीच उत्तर दिलं.

"दोन महिन्यांपूर्वी. रोपाचं वय तेच सांगतं आणि तुझी पत्रंही. त्यानंतरची दोन पत्रं त्यांनी तेव्हा लिहिलेली नाहीत. सहाही पत्रं एकाच बैठकीत लिहिली गेली. पाचव्याच्या पाठीवर जी शाई आहे ती सांडलेली नाही. आरशात वाचता येते: 'चि. सौ.' आणि सहाव्याची तारीख. म्हणजे सहावं पत्र ओलं असताना पाचवं त्याच्यावर ठेवलं होतं. महिनाभर आधी टपालात गेलेलं पत्र असं कसं ठेवता येईल? सहा पत्रं लिहून झाली आणि मग दर महिन्याला एकेक सुटत गेलं. मुलीचा जन्म त्यात येणार कुठून? तो पत्रं लिहून झाल्यावरचा."

"पण कशासाठी?" भाऊजींनी विचारलं. ह्या वेळी त्यांच्याकडे अंदाज नव्हता.

"चाळीस," वहिनी म्हणाल्या.

होडीवाल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात खाली घेतले.

"मी सांगतो," तो म्हणाला. "काकांनी अंथरूण धरलं तेव्हा मावशी म्हणाली, पंधरा दिवस काढतील. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, पोरीला बोलव. मी म्हटलं, काका, ती नर्स आहे. ती तुम्हाला इथे मरू देणार नाही, उचलून घेऊन जाईल. तिकडे गेलात तर तिकडच्या वहीत तुमचं मरण लिहिलं जाईल. मग आम्ही एकोणचाळीस. आमचं पाणी गेलं, घरं गेली. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तायडे. सगळी वस्ती दाराशी उभी होती."

"ते काय म्हणाले?"

"आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मग म्हणाले, नियम माझाच आहे. कागद आणा. गणतीपर्यंत पुरतील अशी सहा पत्रं लिहिली, सहीचा कागद लिहिला. प्रत्येक पत्र मी वाचलं. 'ये' असं कुठेही नव्हतं. खुर्ची, ऊन, वाळू, सगळं बाहेर होतं तसंच लिहिलेलं होतं."

"तेव्हा होतं तसं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही वाचलंत तेव्हा वाळू खरोखरच उगवतीला होती. पण तिसरं पत्र हिच्या हाती पडलं तोवर वारा फिरलेला होता."

"घाईत चुकले असतील," होडीवाला म्हणाला.

"चुकले?" वहिनींनी भिंतीवरच्या वह्यांकडे बोट केलं. "ज्यांनी तिसऱ्या पत्रात दोन महिन्यांनंतरच्या पौर्णिमेचं उधाण बरोबर लिहिलं, ते वारा फिरायचा महिना विसरतील? चाळीस वर्षं समुद्र लिहिलेला माणूस? सगळं जुळवून लिहिलं आणि एकच गोष्ट चुकवली. तीही तिसऱ्यापासून प्रत्येक पत्रात. खाली शब्द काय? 'तुला आठवत असेल.' टोकावर वाढलेल्या मुलीला कुठल्या महिन्यात वाळू कुठे असते हे कळतं. तुमच्या डोळ्यांदेखत त्यांनी हिला हाक मारली आणि तुम्हीच ती नेऊन पोचवलीत."

होडीवाल्याने नजर वह्यांवरून खाली वळवली.

"पंधरा दिवस म्हणता म्हणता ते साडेचार महिने जगले," वहिनींचा आवाज खाली आला. "वारा फिरल्यावर खुर्ची इकडच्या दारात आणली, होडी दिसावी म्हणून. हे खळगे दोन-चार दिवसांत पडलेले नाहीत."

"होडी दिसली की मान उचलायचे," मावशी म्हणाली. "मी म्हणायची, टपालाची आहे काका. ते म्हणायचे, असू दे. बघू दे."

नर्स आता बोलली. आवाज अगदी साधा होता.

"मी वाचलं ते. चार वेळा वाचलं. मला वाटलं, किती छान, बाबा उन्हात बसतात. नवऱ्यालाही वाचून दाखवलं." ती थांबली. "मी ह्याच वाळूवर चालायला शिकले. आणि मला आठवलं नाही."

"बाळ," वहिनी म्हणाल्या.

"दुसऱ्यांच्या बापांच्या उशाशी बसते मी रोज. पाणी हवंय का, कूस बदलू का, विचारते. माझा बाप दारात बसून होता आणि मला आठवलं नाही."

होडीवाला उठून तिच्याजवळ गेला आणि मध्येच थांबला. पुढे व्हायची त्याची हिंमत झाली नाही.

"माझं पत्र तरी दाखवलंत त्यांना? मुलीचं?"

"मी वाचलं," मावशी म्हणाली. "तीनदा वाचायला लावलं. शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. हसले. नावही सुचवलं. मी म्हटलं, लिहून पाठवू या. पण त्यांचा हात उठेना, आणि हा म्हणाला, दुसऱ्याचं अक्षर पाहिलं तर तायडी धावत येईल."

"काय नाव?"

मावशी जवळ सरकली आणि तिच्या कानात बोलली. नर्सने ते नाव ओठांनी एकदा उच्चारून पाहिलं. मग ती मावशीच्या मांडीवर कोलमडली.

भाऊजी दार उघडून बाहेर गेले. बोट लागलेल्या माणसासारखे भिंतीला धरून उभे राहिले.

*

दुसऱ्या दिवशी दहा वाजता अध्यक्ष आले. बरोबर वही आणि शिक्का. शाळेसमोर वस्ती रांगेत उभी राहिली. नर्सला खरं समजलंय हे रात्रीत सगळ्यांना कळलं होतं. नर्सच्या डोळ्याला डोळा कोणी देईना.

त्याआधी सकाळी ती वहिनींना म्हणाली होती, "मी गप्प राहणार आहे. बाबांनी कागद लिहून दिलाय. ह्यांना घरं राहू देत. मी बोलले तर ते परत थोडेच येणार?"

"हे तुझ्यासाठी कुणी ठरवायचं नाही," वहिनी म्हणाल्या होत्या. "तू ठरवलंस, झालं."

अध्यक्षांनी माणसं मोजली. एकोणचाळीस. मग त्यांनी तो कागद काढला आणि चष्म्यावरून नर्सकडे पाहिलं.

"तुम्ही त्यांची मुलगी. ही सही त्यांचीच ना?"

"त्यांचीच आहे," ती म्हणाली.

"आणि ते..."

तिने तोंड उघडलं. तेवढ्यात रांगेतून होडीवाला पुढे आला.

"तिला विचारू नका, साहेब," तो म्हणाला. "काका गेले. दोन महिने झाले. आम्ही लपवलं."

रांगेत एका बाईने तोंडात पदर कोंबला. एक म्हातारा मटकन खाली बसला.

"दादा, मी सांभाळलं असतं!" नर्स ओरडली.

"तेच नकोय," तो म्हणाला. त्याचा चेहरा ओला झाला होता. "तुझ्याकडून आम्ही सगळं घेतलं, तायडे. काकांच्या वाटणीचं खोटं तरी तू बोलू नकोस."

अध्यक्ष किती तरी वेळ वहीकडे बघत उभे होते. भाऊजी हळूच वहिनींना म्हणाले, "सोडतील हो. एकच तर माणूस कमी आहे."

"उत्तरेला दोन कमी होती," अध्यक्षांनी ऐकलं होतं. ते रागाने बोलले नाहीत. उलट कुणीतरी आपल्याला थांबवावं अशी त्यांची नजर रांगेवरून फिरली. कुणीच थांबवलं नाही. त्यांनी आकडा लिहिला, शिक्का उमटवला आणि त्या ओल्या शिक्क्यावर फुंकर घालत राहिले. शाई केव्हाच वाळली होती.

"डोंगरावर महिनाभरात घरं मिळतील," ते म्हणाले. "मी स्वतः बघतो."

माणसं एकेक करून आपापल्या घरी गेली. थोड्या वेळाने कुठल्यातरी घरातून हातोडीचा आवाज येऊ लागला. कोणीतरी दाराच्या बिजागऱ्या काढत होतं.

*

परतीच्या होडीत चौघंच होती. समुद्र शांत होता, तरी भाऊजी कठडा धरून बसले होते. वहिनींनी नर्सचा हात हातात धरला होता. होडीवाल्याने तिच्याशी बोलायचा दोनदा प्रयत्न केला. तिने मान वळवली नाही, आणि हातही वहिनींच्या हातातून काढला नाही.

बंदरावर उतरल्यावर मात्र ती थांबली.

"ते शेवटचं काय बोलले?" तिने त्याला विचारलं. "खरं सांग. मला बरं वाटेल असं काही सांगू नकोस."

होडीवाल्याने दोर खांबाला गुंडाळला. पुन्हा सोडला. पुन्हा गुंडाळला.

"मला म्हणाले, तू जेवलास का?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग एक पायरी खाली उतरली, त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि मागे न बघता मोठ्या बोटीकडे चालू लागली.

वहिनी आणि भाऊजी तिच्या मागोमाग निघाले. बोट सुटली तेव्हा भाऊजींनी मागे वळून पाहिलं. एरवी माणसं उतरवली की होडीवाला लगेच टोकाकडे वळायचा. आज होडी बांधून तो पायरीवर बसला होता.

"घरी जायचं नाही वाटतं त्याला," भाऊजी म्हणाले.

"कुठल्या घरी, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या.